थंडीत पहाटे डिझेल पिकअप उशिरा सुरू होते: दोष कुठून शोधायला सुरुवात करावी?

वरुडचा_बागाईतदार

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१३ सालची डिझेल पिकअप आहे. इंजिन अडीच लिटरचे, चार सिलिंडरचे, डायरेक्ट इंजेक्शनचे असून पंप यांत्रिक रोटरी पद्धतीचा आहे. कॉमन रेल (संगणकाने चालणारी इंधन पद्धत) नाही. गाडी वावरातल्या उघड्या शेडमध्ये उभी असते आणि आंबिया बहाराची संत्री निघू लागली की मध्यरात्रीनंतर केव्हाही नागपूरच्या कळमन्याच्या बाजारासाठी ती काढावी लागते. डिसेंबर लागल्यापासून त्या वेळी गाडी सुरू होण्यास फार त्रास देते. सेल्फ दहा-बारा सेकंद मारावा लागतो, कधी थांबून पुन्हा मारावा लागतो, मग इंजिन एकदम पकडते, थोडा वेळ थरथरते आणि त्यानंतर दिवसभर अर्ध्या चावीत सुरू होते. गाडी ओढण्यात कमी नाही, डिझेलही जास्त पीत नाही.

डिझेल फिल्टर दिवाळीच्या आधी बदलला आहे. इंजिन ऑइल २०डब्ल्यू-५० आहे. गावातल्या मिस्त्रींनी चारही हीटर प्लग (गार इंजिनात सिलिंडर तापवणारे) बदला आणि तेवढ्याने भागले नाही तर पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवा, असे सांगितले आहे. ऐन हंगामात पंप उतरवला तर गाडी किती दिवस अडकेल याचा भरवसा नाही, आणि भाड्याच्या गाडीने माल पाठवणे मला परवडणारे नाही. माझ्याकडे मोटरपंपाच्या कामासाठी घेतलेला मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प आणि पान्यांचा संच आहे. एखादा भाग बदलण्याआधी मी स्वतः काय काय तपासू शकतो आणि कोणत्या क्रमाने, हे जाणकारांनी सांगावे, ही विनंती.

मेळघाटचा_चालक

भाऊ, तुमच्या मिस्त्रींचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. मी चिखलदऱ्याच्या घाटात जुनी जीप चालवली आहे आणि तिथे हिवाळ्यात हीटर प्लगविना गाडी जागची हलत नसे. प्लग बाहेर न काढताही तपासता येतात. चारही प्लगना जोडणारी धातूची पट्टी सोडवून बाजूला करा, टेस्ट लॅम्पची एक बाजू बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा आणि टोक एकेका प्लगच्या डोक्याला टेकवा. दिवा लागला तर त्या प्लगची तार शाबूत आहे, नाही लागला तर प्लग जळाला आहे. मीटरने मोजायचे झाले तर चांगल्या प्लगचा रोध साधारण एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी येतो.

प्लग चांगले निघाले तर चावी फिरवल्यावर पट्टीपर्यंत करंट येतो का, ते पाहा. ही तपासणी इंजिन गार असतानाच करावी, कारण अनेक गाड्यांत इंजिन गरम असले की रिले (प्लगचा आपोआप चालणारा स्विच) प्लगना करंट देतच नाही आणि माणूस उगाच रिले बदलून बसतो.

डिझेल_कारागीर_अमरावती

वरुडकर भाऊ, मेळघाटच्या दादांनी सांगितलेली प्लगची तपासणी बरोबर आहे आणि ती करावीच, पण मी सुरुवात तिथून करणार नाही. त्यांची जुनी जीप प्री-चेंबरच्या इंजिनाची असावी. त्या पद्धतीत डिझेल आधी एका लहानशा कोठडीत फवारले जाते, त्या कोठडीच्या गार भिंती दाबलेल्या हवेची उष्णता शोषून घेतात आणि म्हणून प्लगशिवाय ते इंजिन हलक्या थंडीतही हट्ट धरते. तुमच्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात फवारा थेट पिस्टनच्या वाटीत पडतो, उष्णता कमी वाया जाते, त्यामुळे आपल्याकडच्या आठ-दहा अंशांच्या थंडीत एखादा प्लग मेला तरी इंजिन थोडे थरथरत का होईना, पण लवकर पकडायला हवे. बारा सेकंदांचा सेल्फ हे केवळ प्लगचे लक्षण मला वाटत नाही.

पहिली गोष्ट ही ठरवा की सेल्फ मारताना इंजिन हळू फिरते की नेहमीच्या वेगाने फिरते, पण पेट घेत नाही. या दोन तक्रारी वेगळ्या आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हवा दाबून तापवायची आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारायचे एवढाच कारभार असतो. इंजिन हळू फिरले तर हवेला तापायच्या आत गार होण्यास वेळ मिळतो, पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने ती निसटतेही. मिनिटाला दीडशे-दोनशे फेऱ्यांच्या खाली गेलेले इंजिन पंप आणि डिझेल फवारणारे नोझल उत्तम असूनही सहज पेटणार नाही.

दुसरी गोष्ट, सेल्फ चालू असताना कुणाला तरी सायलेन्सरच्या मागे टॉर्च घेऊन उभे करा आणि धूर पाहायला सांगा. डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर सुरुवातीपासून येत असेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचते आहे पण पेटत नाही. मग प्लग, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब), नोझलचा फवारा आणि फिरण्याचा वेग यांचा विचार करायचा. धूर अजिबात नसेल आणि इंजिन पकडताना अचानक भपकारा येत असेल, तर तोवर डिझेल आलेलेच नव्हते. या एका निरीक्षणाला पैसा लागत नाही आणि निम्मा शोध तिथेच संपतो, पण गॅरेजमध्ये गाडी गरम होऊन येत असल्याने ते करायला सहसा कुणाला मिळत नाही.

तिसरी गोष्ट माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे. तुम्ही म्हणता गाडी थंडीत त्रास देते. पण रात्रभरात गाडीच्या बाबतीत दोन गोष्टी घडतात: ती गार होते आणि ती सात-आठ तास उभी राहते. दोष गार होण्याचा आहे की उभे राहण्याचा, हे वेगळे केल्याशिवाय पुढचा सगळा खर्च अंदाजपंचे होईल. गाडीची टाकी इंजिनाच्या पंपापेक्षा खाली असते. टाकी ते पंप या वाटेत कुठेही हवा शिरायला केसाएवढी जागा मिळाली की उभ्या गाडीतले डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरते आणि पहाटे पंपाला डिझेलऐवजी हवा ओढावी लागते. अशी गाडी दिवसा दर अर्ध्या तासाने बंद-सुरू केली तर कधीच तक्रार करत नाही, म्हणून दोष थंडीच्या माथी मारला जातो.

हे ओळखण्यासाठी ज्या दिवशी गाडीचे काम नसेल त्या दिवशी सकाळी ती गरम करून बंद करा आणि दिवसभर हात न लावता संध्याकाळी, हवा उबदार असतानाच सुरू करून पाहा. तेव्हाही तसाच लांब सेल्फ मारावा लागला तर थंडी निर्दोष आहे. दुसरा प्रयोग असा की एका रात्री गाडी धुऱ्याच्या उताराला तोंड खाली करून उभी करा, हँडब्रेक ओढा, गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा. टाकी वर आणि इंजिन खाली असले की डिझेल परत उतरत नाही; अशा रात्रीनंतर गाडी झटक्यात सुरू झाली तर रोगाचे नाव कळलेच. शिवाय ज्या फटीतून एरवी हवा आत शिरते, त्याच फटीतून अशा स्थितीत डिझेल बाहेर पाझरते आणि सकाळी ती जागा ओली दिसते. एरवी ती कोरडी ठणठणीत असते, कारण ओढीच्या बाजूची गळती हवा आत घेते, डिझेल बाहेर टाकत नाही. आणखी एक, चावी फिरवण्याआधी फिल्टरवरचा हातपंप दाबून पाहा. तो बराच वेळ पोकळ लागून मग कडक झाला आणि त्यानंतर इंजिन लगेच उचलले, तर तेही त्याच दोषाकडे बोट दाखवते.

ऑइलबद्दल लोक विनाकारण चिंता करतात. २०डब्ल्यू ऑइलच्या पातळपणाची कसोटी उणे १५ अंशांवर होते आणि १५डब्ल्यूची उणे २० अंशांवर. नागपुरात २०१८ च्या डिसेंबरअखेरीस पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तेवढ्या थंडीतही हे ऑइल सेल्फला अडवण्याइतके घट्ट होत नाही. कंपनीने १५डब्ल्यू-४० सांगितले असेल तर पुढच्या वेळी तेच घाला, पण आजच्या दोषाचे मूळ तिथे शोधू नका.

पंप उतरवण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा. पंप आतून झिजला की बहुधा उलटे दिसते, म्हणजे इंजिन गरम असताना सुरू होण्यास त्रास देते, कारण तापलेले पातळ डिझेल झिजलेल्या भागांतून निसटते. तुमची गाडी गरम असताना अर्ध्या चावीत सुरू होते, ही पंपाच्या बाजूने चांगली साक्ष आहे.

गोंदियाचा_धानवाला

आमच्याकडे विदर्भातली सर्वांत बोचरी थंडी असते, म्हणून एक शंका विचारतो. शेतकरी ट्रॅक्टरसाठी डिझेल ड्रममध्ये भरून ठेवतात आणि तेच पिकअपमध्येही ओततात. थंडीत डिझेल गोठते असे ऐकले आहे, तर हे कारण असू शकते का? आणि आमच्या गावात काही जण एअर क्लीनरच्या तोंडाशी कापडाचा पेटता बोळा धरून सेल्फ मारतात किंवा इंजिनाखालच्या ऑइलच्या चेंबरखाली शेकोटी करतात, गाडी सुरूही होते. त्यात काही धोका आहे का?

डिझेल_कारागीर_अमरावती

डिझेलमध्ये मेणाचा अंश असतो आणि ठरावीक थंडीत त्याचे कण जमून फिल्टर तुंबतो, हे खरे आहे. भारतीय मानकात डिझेलचा हिवाळी आणि उन्हाळी दर्जा वेगळा आहे: फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची कमाल मर्यादा हिवाळ्यात ६ अंश आणि उन्हाळ्यात १८ अंश आहे. त्यामुळे मे महिन्यात भरलेल्या ड्रममधले डिझेल जानेवारीत वापरणे टाळलेले बरे, आणि ड्रमच्या तळाशी साचलेले पाणी हा तर त्याहून रोजचा त्रास आहे. फिल्टरखालचा पाण्याचा स्क्रू अधूनमधून सोडून ते काढावे. पण मेण जमल्याचे लक्षण निराळे असते. फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर गाडी आधी सुरू होते आणि फर्लांगभर जाऊन दम सोडते. वरुडकरांची गाडी सुरू होताना अडते आणि मग दिवसभर ठीक चालते, म्हणून तिथे हे लागू पडत नाही.

पेटत्या बोळ्याबद्दल मात्र स्पष्ट सांगतो, असे कधीही करू नये. कापडाचा जळका तुकडा आत ओढला गेला की एअर फिल्टर पेटतो, टर्बो असेल तर त्याच्या पात्यांपर्यंत कचरा जातो. ईथरचा स्प्रे तर हीटर प्लगच्या गाडीत मुळीच मारू नये. लाल झालेल्या प्लगवर तो वेळेआधी पेटतो आणि पिस्टन किंवा रिंग फुटू शकते. चेंबरखालच्या शेकोटीने शेडमधला कडबा पेटायला कितीसा वेळ लागणार? धक्का मारून सुरू करण्याची सवयही टायमिंग बेल्टच्या गाडीला चांगली नाही, जुना बेल्ट झटक्याने दात सोडू शकतो.

वरुडचा_बागाईतदार

कारागीर भाऊ, आपण सांगितल्याप्रमाणे प्रयोग केले. बाजार बंद होता त्या दिवशी गाडी सकाळी फिरवून शेडमध्ये लावली आणि संध्याकाळी, चांगली ऊब असताना सुरू केली. सेल्फ जवळजवळ पहाटेइतकाच लांब मारावा लागला. पहाटेच्या वेळी मुलाला मागे उभे केले होते; त्याच्या म्हणण्याप्रमाणे बराच वेळ धूर नव्हता, मग एकदम पांढरा भपकारा आला आणि इंजिनाने पकड घेतली. नंतर गाडी उताराला तोंड करून लावली, तर दुसऱ्या दिवशी ती लगेच उचलली, फक्त थोडी थरथरली. सकाळी फिल्टरच्या डोक्यावर, हातपंपाच्या बुडाशी ओलसरपणा दिसला. टाकी भरलेली असली की त्रास कमी होतो, हेही आता मागे वळून पाहताना लक्षात येते.

एक गोष्ट मात्र उरली आहे. संध्याकाळी सेल्फ जोरात फिरतो, पहाटे तो स्पष्टपणे जड फिरतो. बॅटरी दीड वर्षाची आहे. उभ्या गाडीवर मीटरने १२.६ व्होल्ट दाखवले आणि सेल्फ मारताना १०.७ व्होल्टच्या खाली आकडा गेला नाही. मग सेल्फ जड का फिरावा?

हिंगणघाट_ऑटो_इलेक्ट्रिक

भाऊ, तुमच्या शेवटच्या दोन आकड्यांतच उत्तर आहे. बॅटरी कमजोर असती तर सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली कोसळले असते. आपल्या विदर्भात बॅटरीचा खरा ऱ्हास एप्रिल-मेच्या उन्हात होतो, पाणी उडते, आतल्या पट्ट्या कुजतात, आणि पहिली थंडी पडली की ते उघडकीस येते. म्हणून बॅटरीवरची आपली शंका रास्त होती. पण तुमच्या बॅटरीवर १०.७ टिकून राहते आणि तरीही सेल्फ जड फिरतो, याचा अर्थ बॅटरी द्यायला तयार आहे, पण करंट सेल्फपर्यंत पुरता पोहोचत नाही. वाटेत कुठेतरी रोध आहे.

तो शोधायला मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या खुंटीवरच टेकवा, तिच्यावरच्या क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरे टोक इंजिन ब्लॉकच्या रंग नसलेल्या, स्वच्छ जागी टेकवा. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. मीटरने ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दाखवले तर अर्थिंगची पट्टी, तिचा बोल्ट किंवा क्लॅम्प खराब आहे. तसेच पॉझिटिव्ह खुंटी आणि सेल्फचा मोठा बोल्ट यांमध्ये मोजा. तिथे अर्ध्या व्होल्टपर्यंत चालते. हे मोजमाप सेल्फ फिरत असतानाच अर्थपूर्ण असते, उभ्या गाडीवर तोच जोड मीटरला निर्दोष दिसतो, कारण शेकडो अँपिअर वाहू लागल्याशिवाय असा रोध व्होल्टेज खात नाही.

दोन्ही बाजू स्वच्छ निघाल्या तर मग सेल्फ उतरवून कार्बन आणि बुश पाहावे. बुश झिजले की आर्मेचर आत घासते आणि सेल्फ जड होतो, पण तेव्हा तो बहुधा दुपारीही जडच राहतो.

वरुडचा_बागाईतदार

निगेटिव्ह खुंटी ते ब्लॉक ०.९ व्होल्ट आले. पॉझिटिव्ह बाजू ठीक होती. गिअरबॉक्सपासून चेसीला जाणारी अर्थिंगची पट्टी काढली तेव्हा तिच्या डोळ्याखाली फवारणीच्या औषधाचा आणि मातीचा थर, त्याखाली गंज असे निघाले. फवारणीच्या टाकीतून औषध नेताना ते तिथे सांडत असावे. पट्टी नवी घेतली, दोन्ही जागा पॉलिश पेपरने घासून घट्ट केल्या, वरून ग्रीस लावले. आता तोच आकडा ०.१५ वर आला आहे आणि पहाटेही सेल्फ हलका फिरतो.

फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप खोलला, आतली रबराची ओ-रिंग कडक होऊन चपटी झाली होती. तूर्त हाताशी मिळालेली रिंग बसवली आहे. गाडी सपाट जागेवर उभी ठेवूनही रात्रीनंतर दोन-तीन सेकंदांत सुरू होते, पण फिल्टर ते पंप या नळीच्या जागी काही वेळ पारदर्शक नळी लावून पाहिली तेव्हा सुरुवातीला एखाद-दुसरा बारीक बुडबुडा अजून दिसतो. प्लगही तपासले: तिघांवर दिवा लागला, चौथ्यावर लागला नाही. त्यामुळे सुरुवातीच्या थरथरीबाबत मेळघाटच्या दादांचे म्हणणे खरे ठरले. आता हा चौथा प्लग मीच काढावा का, आणि उरलेल्या बुडबुड्याकडे दुर्लक्ष करावे का?

डिझेल_कारागीर_अमरावती

बुडबुड्याकडे दुर्लक्ष करू नका. बसवलेली रिंग पाण्याच्या पंपाची असेल तर डिझेलमध्ये ती फुगेल किंवा कडक होईल. डिझेलला टिकणाऱ्या रबराची, त्याच मापाची रिंग मागा. त्यानंतरही बुडबुडा दिसला तर फिल्टरखालच्या पाण्याच्या स्क्रूचा वॉशर, बँजो बोल्टचे (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे) तांब्याचे वॉशर आणि टाकीकडून येणाऱ्या रबरी नळीची क्लॅम्पखालची टोके या क्रमाने पाहा. तांब्याचे वॉशर एकदा दबले की पुन्हा तितके बसत नाहीत, नवेच घाला. नोझलवरच्या रिटर्नच्या बारीक, विणलेल्या नळ्याही हाताने वाकवून पाहा. दहा वर्षांत त्या भेगाळतात आणि त्यांची किंमत नगण्य असते. पारदर्शक नळी तपासणीपुरतीच ठेवा, इंजिनाच्या उष्णतेत ती मऊ पडून क्लॅम्पमधून निसटते.

प्लग स्वतः काढायला हरकत नाही, पण गार इंजिनावर पाना लावू नका. आदल्या रात्री मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडा, सकाळी इंजिन चांगले तापवा आणि मग हळूहळू, थोडे मागे थोडे पुढे करत सोडवा. हाताला तो अडल्यासारखा वाटला की तिथेच थांबा, पुन्हा तेल सोडा आणि एक दिवस जाऊ द्या, कारण डोके तुटून प्लग हेडमध्ये राहिला तर हेड उतरवण्याची वेळ येऊ शकते आणि मग हंगामातली गाडी खरोखरच अडकेल. तीन प्लगांवर गाडी सध्या चालते आहे. वाटल्यास हे काम आंबियाचा माल संपल्यावर करा आणि तेव्हा चारही प्लग एकाच मापाचे, एकाच व्होल्टेजचे घ्या.